दानियल मास्तरांचं मडकं

दानियल मास्तर रोज सकाळी प्रार्थनेआधी व्हरांड्यातलं मातीचं मडकं टेबलावर उपडं करत, आणि त्यातून काय पडतं त्यावर त्यांचा दिवस कसा जाणार ते ठरे. पडत ते चिंचोके. ज्या मुलानं कुणाच्या नकळत काही चांगलं केलं असेल, त्यानं गुपचूप एक चिंचोका मडक्यात टाकायचा, असा त्यांचा नियम होता. नाव सांगायचं नाही. सांगितलं की चिंचोका रद्द.

कासारवाडीच्या आमच्या चार यत्तांच्या मिशन शाळेत ते शास्त्र शिकवत आणि मी गणित. मी चिखलीहून सायकल मारत येई. ते ख्रिस्ती, मी हिंदू, पण आमच्यातला खरा फरक वेगळाच होता. माझा छडीवर विश्वास होता आणि त्यांचा पोरांवर. त्यांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. शाळेमागच्या खोलीत स्वतःच भाकऱ्या थापत आणि बहुतेक करपवत.

"जाधव मास्तर," ते मला म्हणत, "सगळ्या नोकरीत एक पोर असं निघू दे, जे कुणी बघत नसताना चांगलं वागतं. मग मी सुखानं घरी जाईन."

पोरं कसली चांगली वागतात! चिंचा झाल्या की मडकं ओसंडायचं, फाल्गुनात सगळी शाळा संत व्हायची. चिंचा संपल्या की पुण्यही संपायचं. मधल्या सुट्टीत त्याच चिंचोक्यांचा व्हरांड्यात डाव मांडला जाई, उरलेले भाजून खाल्ले जात. "कुणी पाहिलं नाही ना? मग छान," हे मास्तरांचं पालुपद पोरांनी बरोबर उचललं होतं. एकाला माळ्यानं पेरूच्या बागेतून बखोटं धरून आणलं, तर कार्टं छाती काढून म्हणतं, "गुरुजी, कुनीबी पायलं नव्हतं. ह्यो मागनं आला!" मी पोट धरून हसलो. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

एकदा आमच्या चिखलीचाच एक बाप तावातावानं आला. "मास्तर, खरं सांगा, ह्या मडक्यात काय हाय? आमच्या पोराला बाटवायचं कायतरी न्हाई ना?" मास्तरांनी मडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं हात घालून ढवळलं, हुंगून पाहिलं. "चिंचोकंच हायती की," तो म्हणाला, आणि त्याची चांगलीच निराशा झाली.

मग एका श्रावणात मडकं आठ दिवस रिकामं निघालं. नवव्या दिवशी मास्तर मुलांपुढे उभे राहिले. "बाळांनो, माझंच काहीतरी चुकतंय," म्हणाले, आणि स्वतःचे कान धरून भिंतीकडे तोंड करून घंटा होईपर्यंत उभे राहिले. पोरं तोंडावर हात धरून खिदळत होती. मी दारातून बघत होतो. मला आधी त्यांचा राग आला, मग पोरांचा, मग स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या बरणीतून एक चिंचोका आणला आणि कुणी यायच्या आत मडक्यात टाकला. पुढे सवयच झाली. सायकल भिंतीला लावायची, चिंचोका टाकायचा, छडी घ्यायची. असं तीन वर्षं चाललं. त्यासाठी चांगलं काही करत होतो असं नाही, नुसता टाकत होतो.

त्या सुमारास पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला. तिकडे नवी मोठी शाळा निघाली, आमची पोरं एकेक करून गेली आणि मिशननं शाळा बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी नऊ मुलं उरली होती. मास्तरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थना चालू असताना एकानं मडकं फोडलं. कुणी फोडलं ते कुणी सांगितलं नाही.

मास्तर नगरला बहिणीकडे जायला निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. वळकटी, ट्रंक आणि मांडीवर एक पत्र्याचा डबा.

"मूठमूठ टाकणारे मला कळत होते हो," ते म्हणाले. "चिंचा झाल्या की पुण्य वाढतं, एवढं समजतं मला. पण हे बघा." त्यांनी डबा उघडला. आत चिंचोके होते. "भर पावसात एक. चिंच झाडावर नसताना एक. दुसरीत असताना सुरुवात केली असेल त्यानं, आता चौथीत असेल. ह्या एका पोरापायी मी टिकलो. तुम्हाला ठाऊक आहे कोण तो?"

"चिखलीचा आहे," मी म्हणालो.

"नाव नका सांगू!" त्यांनी घाईघाईनं डबा बंद केला. "मोठेपणी कोण होईल हो तो?"

"मास्तर होईल बहुतेक."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मग सांभाळा त्याला, जाधव मास्तर. त्याला छडी नका मारू."

पुण्याची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकसुद्धा पोर निघालं नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. खिशात हात घातला तर त्या दिवशीचा चिंचोका हाताला लागला. सवयीनं घेतला होता. टाकायला मडकं नव्हतं.