सांबार, बासी आणि पोलंडचे पाहुणे

आमच्या ऑफिसात हात वर करायची वेळ येते ती चहा किती कप सांगायचा हे विचारल्यावर. त्या दिवशी मात्र आमच्या साहेबांनी, म्हणजे रावसाहेबांनी, वेगळंच विचारलं. पोलंडहून मशिनरीच्या कामासाठी इंजिनिअर मारेक आले होते, सोबत त्यांच्या मिसेस हेलेना. दोघांना एखाद्या घरी जाऊन इथलं पारंपरिक जेवण जेवायचं होतं. "कोणाकडे न्यायचं?"

"सिव्हिक सेंटरच्या हॉटेलात नेऊ, सर. ए.सी. आहे," माझ्या शेजारच्या टेबलावरचा पुंडलिक म्हणाला.

पुंडलिक काहीही बोलला की माझं डोकं फिरतं. (खरं तर हे माझ्या मेडिकल रेकॉर्डला लावायला हवं.) मी ताडकन उभा राहिलो. "सर, भिलाई दाखवायची तर हॉटेल कशाला? आमच्या एका गल्लीत अख्खा देश राहतो!"

आणि यात थाप नव्हती. आमच्या क्वार्टरच्या डावीकडे केरळच्या नायरआंटी, उजवीकडे दुर्गपलीकडच्या गावच्या, अस्सल छत्तीसगडी तारा साहू, समोर बंगालचे घोषबाबू आणि मधे आम्ही भंडाऱ्याचे. इथला पोलादाचा प्लांट उभा राहिला तेव्हा आमचे बापलोक चारी दिशांनी नोकरीला आले, आणि येताना आपापली चूल डोक्यात घेऊन आले. सकाळी आमच्या गल्लीतून नुसतं चालत गेलात तरी नाकाला चार प्रांतांचा प्रवास घडतो.

साहेब खूश झाले. रविवारी दुपारी आपणही येऊ म्हणाले. मारेकसाहेबांनी फोनवर मला विचारलं, कधी यायचं? मी आपल्या रीतीप्रमाणे अघळपघळ इंग्रजीत सांगितलं, "सर, माय हाऊस इज युवर हाऊस. फ्रॉम मॉर्निंग ओन्ली यू कम!" आपल्याकडे याचा अर्थ दुपारी जेवायला या, असा होतो. पोलंडात काय होतो याची मी चौकशी केली नव्हती.

बेत ठरला. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ, आणि आमच्या घरून बायकोची, कमलिनीची, सांबारवडी. आदल्या दिवशी कमलिनी म्हणाली, "अहो, नायरांच्या वाफ्यात सांबार मस्त आला हाये. थोडा सांगून ठेवा, सकाळी वडीले लागते."

आता विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. हे मला बाळपणापासून ठाऊक आहे. पण दिवसभर मनात इंग्रजी भाषणाची तयारी चालू होती, आणि समोर उभ्या नायरआंटी. मी म्हणालो, "आंटी, कल के लिए सांबार चाहिए."

"कितना?"

"जितना हो सके!"

रविवारी सकाळी आंटींनी हसतमुखाने भलंमोठं पातेलं आणून दिलं. कमलिनीनं झाकण उघडलं. वाफेबरोबर शेवग्याच्या शेंगा वर आल्या.

"हे काय हाये?"

"सांबार."

"मले हिरवा सांबार पायजे होता!"

"त्या हिरवा करत नाहीत. मी कधी पाहिला नाही."

तिनं झाकण अगदी हळू परत ठेवलं. (ती भांडी हळू ठेवायला लागली की मी स्वतःहून घाबरून घेतो.) कोथिंबीर आणायला तिनं गीतांजलीला, म्हणजे आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, स्कूटी काढायला लावली आणि दोघी कॅम्प-1च्या बाजाराला निघाल्या. जाताना मला एवढंच म्हणाली, "कशालेच हात लावू नका."

म्हणून मी बनियन-टॉवेलवर कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत उभा राहिलो. एवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली आणि मारेकसाहेब उतरले. "गुड मॉर्निंग! फ्रॉम मॉर्निंग!" असं म्हणून ते मनापासून हसले. हेलेनाबाईंच्या हातात फुलं होती. त्यांनी ती मला दिली. माझ्या एका हातात पाइप, एका हातात फुलं आणि टॉवेल केवळ देवाच्या भरवशावर.

पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, अंगात शर्ट घातला आणि चहा ठेवला. दूध फाटलं. घरात दुसरं तयार असं एकच होतं. मी दोन कप भरून सांबार नेलं. "वेलकम सूप," मी म्हणालो. दोघांनी ते फुंकर मारमारून प्यायलं आणि आणखी मागितलं. वर हेलेनाबाई म्हणाल्या, आम्ही मुद्दाम काही न खाता आलो आहोत, तुमचा नाश्ता बघायला!

मी अंगणाच्या भिंतीपाशी गेलो आणि पलीकडे दबक्या आवाजात हाक मारली, "ताराबाई!"

तारा साहू ओट्यावर काशाची थाळी घेऊन बसल्या होत्या. "का होगे, भैया?" म्हणत उठल्या. माझ्या मागून हेलेनाबाईही आल्या होत्या. त्यांनी वाकून थाळीत पाहिलं. पाण्यात भात, वर दही, बाजूला कांदा, हिरवी मिरची आणि कैरीची चटणी.

"व्हॉट इज धिस?"

माझी लाज गेलीच. देशाचा वारसा बघायला आलेल्या बाईंना नेमकी बासी दिसावी! मी घाईनं म्हणालो, "नथिंग, मॅडम. स्टेल राइस. येस्टरडेज."

मारेकसाहेब एक पाऊल मागे सरले. ताराबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती. त्यांनी थाळी कमरेशी धरून विचारलं, "का कहेव, भैया?"

"मैंने कहा, बासी."

"त ये मन के मुंह काबर अइसन होगे?"

काबर म्हणजे का. यांची तोंडं अशी का झाली, असं त्या विचारत होत्या. नशीब की त्याच वेळी स्कूटी आली. गीतांजलीनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, स्टेल नहीं, फर्मेंटेड बोलते हैं! तुम्ही ना…" मग तिनं पाहुण्यांना नीट सांगितलं. रात्रीचा भात पाण्यात ठेवतात, सकाळी तो आंबूस होतो, मग इथल्या उन्हात माणूस तेवढ्यावर दिवस काढतो. शेतावर जाणारेही हेच खातात अन् प्लांटात भट्टीपुढे उभे राहणारेही.

हेलेनाबाईंचा चेहराच बदलला. आमच्या आजीच्या घरी राय नावाच्या धान्याचं पीठ बरणीत आंबवून आंबट सूप करतात, त्या म्हणाल्या, वास अगदी असाच! आणि त्या सरळ ताराबाईंच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या. ताराबाईंनी आतून दोन थाळ्या आणल्या. मारेकसाहेबांनी मिरचीचा तुकडा तोडला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा तोडला.

एव्हाना गल्ली जमली होती. घोषबाबू लुंगी सावरत आले. "अरे, ये तो हमारा पांता भात है!"

"पांता नहीं, पळंकंजी," नायरआंटी म्हणाल्या. "केरळ में सब खाते हैं."

"बासी आय," ताराबाई ठामपणे म्हणाल्या.

"अन् आमच्या भंडाऱ्याले काय खात होते?" कमलिनी कोथिंबिरीची जुडी हलवत पुढे झाली. "शिळा भात, ताक अन् कांदाच ना!"

ज्याची लाज वाटून मी भिंतीआड लपवत होतो, त्या भातावर चार प्रांत हक्क सांगत होते. मी बाजूला उभा होतो. खरं सांगतो, ऊर भरून आला. (बोलायला कोणी संधी देत नव्हतं, हेही खरं.)

मग व्हायचं ते झालं. पोटभर बासी, वर कूलरचा वारा. पाहुणे "फाइव्ह मिनिट्स" म्हणून आमच्या बैठकीत टेकले आणि गाढ झोपले. दुपारी रावसाहेब आले तेव्हा मारेकसाहेब दिवाणावर घोरत होते आणि हेलेनाबाई आरामखुर्चीत.

साहेब दारातच थबकले. "श्यामराव! क्या खिला दिया इनको?"

मी मान खाली घातली. "सर… बासी."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "पानी वाला? प्याज के साथ?" मग म्हणाले, "हमारे आंध्र का चद्दन्नम. मेरी माँ देती थी स्कूल जाने के पहले. इतने साल हो गए… बचा है क्या?"

ताराबाईंनी भांडं निपटून थाळी भरली. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि ओट्यावर बसून हातानं जेवले. शेवटी थाळी तोंडाला लावून पाणीसुद्धा प्यायले.

ऊन कलल्यावर पाहुणे उठले आणि खरी पंगत बसली. ताराबाईंचा तांदळाच्या पिठाचा फरा, घोषबाबूंचा माशांचा रस्सा, म्हणजे माछेर झोल, नायरआंटींचं मिश्र भाज्यांचं अवियल. कमलिनीच्या सांबारवड्या तर हेलेनाबाईंनी रुमालात बांधूनसुद्धा नेल्या. मी भाषणाला उभा राहिलो तेव्हा सगळे हात धुवायला गेले होते.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांनी वर कळवलं होतं की भारतातलं सगळ्यात सुंदर जेवण भिलाईत मिळालं. आता येत्या रविवारी जपानची टीम येतेय आणि त्यांनाही तुमच्याच गल्लीत न्यायचंय.

"सर, मी तयारीला लागतो!"

"नहीं, नहीं. उस दिन आपकी ड्यूटी ऑफिस में है. सुबह से शाम तक."

"पण सर, रविवार आहे. ऑफिस तर बंद!"

"हाँ," साहेब फाइलमध्ये बघत म्हणाले. "आपके लिए खुलवा रहे हैं. आपकी मिसेस का फोन आया था."