अर्ध्या रोजाची दुपार

धुलाई कारखान्याचा बॉयलर सकाळीच बंद पडला. मुकादमाने सगळ्यांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मग पिटाळलं. "घरी जा! आलात त्याचा अर्धा रोज मिळेल. नियमच आहे तसा."

बाकीच्यांची तोंडं पडली. आमच्या घडीवाल्याच्या मनात मात्र बॉयलर थंड असताना उकळ्या फुटल्या. लग्नाला अजून वर्ष नव्हतं झालं. हा सकाळच्या पाळीत, बायको दुपारच्या, दोघंही चादरींच्या घड्या घालायला. ती परतते तेव्हा हा घोरत असतो, हा निघतो तेव्हा ती गाढ झोपेत. भेट काय ती गेटवर, तीही "भाजी झाकून ठेवलीय" आणि "किल्ली घ्या" एवढीच. हा कसला संसार! आज अख्खी दुपार तिच्याशी बोलायचं, म्हणून गडी धावत सुटला.

घराला कुलूप!

"अहो, आत्ताच गेली मधल्या वाटेनं," शेजारच्या काकू म्हणाल्या. "म्हणाली, बॉयलर बंद पडलाय म्हणे, पण तिथून परत पाठवलं तरच अर्धा रोज मिळतो. हजेरी लावून येते, आज ह्यांच्यासोबत जेवायचंय."

हा आल्या पावली उलटा पळाला. ती गेटवरच होती.

"अगं, चल ना घरी!"

"थांबा हो, आधी परत तर पाठवू द्या!"

तेवढ्यात आतून भस्सकन वाफ सुटली. बॉयलर चालू! बॉयलर बंद असल्याचं ऐकून दुपारच्या पाळीचे बाकीचे घरूनच निघाले नव्हते. मुकादमाने दोघांनाही आत ओढलं.

"साहेब, माझी पाळी संपली."

"संपली कसली? सुरू तरी झाली होती का?"

चादरीला दोन माणसं लागतात. टोकं धरून लांब उभं राहायचं, मग जवळ येऊन काठाला काठ लावायचा. यंत्रांच्या गडगडाटात लांबून काही ऐकू येईना. बोलायचं ते जवळ आल्यावरच.

"तुझी फार आठवण येते गं."

पुढची चादर.

"वेडे की काय! शेजारीच तर असते मी."

पुढची.

"झोपलेली."

तिचे डोळे भरून आले. मग दोघांचे हात असे चालले, की संध्याकाळच्या आत ढीग संपत आला. मुकादम थक्क.

"वा! असले हात एकाच पाळीत ठेवणं परवडायचं नाही बुवा. एक सकाळी, एक दुपारी, हेच बरोबर!"

शेवटची चादर उरली होती. दोघं सावकाश जवळ आले.

"काठ जुळला नाही," ती म्हणाली.

काठ चांगला जुळला होता. त्याने चादर झटकली आणि दोघं पुन्हा लांब जाऊन उभे राहिले.