बंद दाराआडचा आकडा

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी समोरच्या कंपनीने आपल्या टॅब्लेटची किंमत बावीस हजार चारशेवरून एकवीस हजार चारशेवर आणली. गेली दहा वर्षं बाजारात तिचाच टॅब्लेट खपत होता. इकडच्या कंपनीचा पहिलावहिला टॅब्लेट शुक्रवारी यायचा होता, आणि त्याची किंमत एकवीस हजार पाचशे ठेवायची हे शनिवारी बंद दाराआड ठरलं होतं. खोलीत माणसं चारच: साहेब, विक्रीप्रमुख, जाहिरातवाल्या बाई आणि किंमत काढणारा तराजू. ऑफिसात त्याला याच नावाने ओळखत, कारण तो रजेचा अर्जही दोनदा जोखून मगच देई.

"बरोब्बर शंभराने खाली," साहेब तराजूला म्हणाले. "आकडा फुटलाय. पुन्हा फुटला तर तुमची खुर्ची विक्रीप्रमुखांना."

तराजू जागेवर येऊन बसला आणि एकेकाला तोलू लागला. विक्रीप्रमुख फोन आला की जिन्यात जातो, तो का? बाईंच्या हातात नवी पर्स आहे आणि पगार तर अजून व्हायचाय. साहेब स्वतः पूर्वी समोरच्याच कंपनीत होते. खुर्ची बदलली म्हणून मन बदललं असेल कशावरून? तराजूने हुद्दा पाहून कोणाला सूट दिली नाही.

त्याने नवी किंमत मनातल्या मनात काढली: वीस हजार पाचशे. कागदावर लिहिली नाही, कॅल्क्युलेटरलाही कळू दिली नाही. मग तिघांना वेगवेगळं गाठून, फक्त तुम्हालाच सांगतोय असं म्हणत, तीन खोटे आकडे दिले. विक्रीप्रमुखाला वीस हजार नऊशे, बाईंना वीस हजार आठशे, साहेबांना वीस हजार सातशे. समोरचे ज्याच्या आकड्याच्या शंभर खाली येतील तो चोर. खरा आकडा गुरुवारी संध्याकाळी जाहीर करायचा, असा बेत होता.

तिघांनीही तोंडाला कुलूप लावलं. कामं मात्र कोणी थांबवली नाहीत. विक्रीप्रमुखाने चाळीस दुकानदारांना नऊशेवाली पाकिटं सीलबंद करून पाठवली. बाईंनी आठशेच्या चार हजार पाट्या छापून घेतल्या. साहेबांनी सातशेचा आकडा कंपनीच्या मालकांच्या कानावर घातला आणि मालकांनी तो भाषणासाठी पाठ करून टाकला.

गुरुवारी, पुन्हा दहा वाजून वीस मिनिटांनी, समोरची कंपनी वीस हजार चारशेवर आली.

बैठकीत पाच मिनिटांत तिन्ही आकडे टेबलावर आले. प्रत्येक जण आपलाच खरा म्हणून भांडला, आणि मग तिघेही एकदम तराजूकडे वळले. त्याने सापळ्याची सगळी हकीकत सांगितली. साहेबांना त्यात स्वतःचं नाव फारसं आवडलं नाही.

"म्हणजे खरा आकडा वीस हजार पाचशे," ते म्हणाले. "तो कोणाकोणाला माहीत होता?"

"फक्त मला, साहेब."

बाईंनी टेबलावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. विक्रीप्रमुखाने तराजूची खुर्ची वरून खालपर्यंत पाहून घेतली. टॅब्लेटचा मुहूर्त पुढच्या मंगळवारावर गेला, आणि संशयितांची यादी कारणांसकट सकाळी आणून द्या, असं साहेबांनी तराजूला बजावलं.

संध्याकाळी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. काय झालं म्हणून तिने तीनदा विचारलं, तेव्हा त्याने आकडे वगळून सगळं सांगितलं.

"त्यांची किंमत तेव्हा किती होती?" तिने विचारलं. ती पेपरात छापून आलेली, म्हणून त्याने सांगितली.

"एकवीस चारशे? मग तुम्ही वीस पाचशे धरली असणार."

तराजूच्या हातातला टॉवेल खाली पडला. "तुला कोण बोललं?"

"बोलायला कोण हवं? अहो, तुम्ही कुठेही गेलात तरी नऊशेच कमी करता. हजार म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. कपाट घेताना नऊशे, स्कूटर विकताना नऊशे. समोरच्या कंपनीत कोणीतरी तुमची ही सवय हेरून बसलं असेल, दुसरं काय?"

तराजूने पुढचं नीट ऐकलंच नाही. बायकोला हे आजच कसं सुचलं, आणि शेजारणीशी गॅलरीतून रोज काय बोलणं होतं, याचा तो विचार करत होता. सकाळी त्याने यादी दिली. चौथं नाव बायकोचं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: "काहीही न सांगता आकडा ओळखला."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली.

"वहिनी सध्या काय करतात?"

"घरी गणिताच्या शिकवण्या घेतात."

"त्यांना दुपारी पाठवून द्या. चौकशी करावी लागेल."

चौकशी बंद दाराआड पन्नास मिनिटं चालली. तराजू पाण्याच्या पिंपाशी उभा राहून सहा ग्लास पाणी प्याला, पण त्याला एकही शब्द ऐकू आला नाही. चहा मात्र दोनदा आत गेला. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, सोमवारी अकराला परत बोलावलंय. कशाला, ते साहेबांनी सांगू नका म्हटलंय.

"निदान किंमत तरी ठरली का?" त्याने घरी विचारलं.

"ठरली."

"किती?"

"आता तुम्हीच ओळखा की."

रविवारी दुपारपर्यंत तराजूने सात आकडे सांगून पाहिले आणि बायकोने सातही वेळा नकारार्थी मान हलवली. समोरच्या कंपनीने अजून किंमत बदललेली नाही.