गांजाचा नंबर शेवटचा

सोमवारी दुपारच्या जेवणाआधीच लाईल हॉगनची सगळी कामं संपली आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात झाली. टॅमरॅक हे मोंटानाच्या डोंगरातलं एवढंसं गाव, त्याचा पोलीसप्रमुख लाईल, आणि प्रमुखाच्या हाताखाली कोण, तर तोच. वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसलेलं हरीण त्याने सकाळीच हुसकावलं होतं. लूथरन चर्चसमोर आडवा पडलेला कचऱ्याचा डबा उभा केला होता. पानं कोणी झाडायची यावरून दोन शेजाऱ्यांची जुंपली होती, ते भांडणही मिटवलं होतं. मग तो टेबलाशी बसला आणि समोर भिंतीवर चिकटवलेल्या नव्या ठरावाकडे त्याचं लक्ष गेलं.

ठराव गावानेच मतदान घेऊन केला होता. गांजा जवळ बाळगणं हा तेव्हा राज्याच्या कायद्याने गुन्हा, आणि तो कायदा बदलणं काही गावाच्या हातात नव्हतं. म्हणून गावाने हातात होतं तेवढं केलं. टॅमरॅकच्या पोलिसाने आधी बाकीचे सगळे गुन्हे पाहावेत, गांजाचा नंबर सगळ्यात शेवटी, असं ठरलं. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला होता. तिकडे बघू नकोस बाबा, एवढाच. लाईलला मात्र तो तसा कळला नाही. आजवर गांजा त्याच्या डोक्यातही नव्हता. आता त्याला नंबर मिळाला होता, आणि काम शेवटच्या नंबरापर्यंत नेल्याशिवाय लाईलच्या घशाखाली घास उतरत नसे.

शिवाय हा शेवटचा नंबर कोणाच्या दारात जातो, हेही त्याला ठाऊक होतं. ठरावाच्या सभेत आर्डिस लिंडक्विस्टबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी गांजाची बरणी आहे, तिच्यामुळे माझे गुडघे अजून जिना चढतात, आणि ज्याला बघायची असेल त्याने खुशाल येऊन बघावी, असं त्या भर सभेत म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या लाईलने वाजवल्या नाहीत, कारण तो गणवेशात होता.

बाईंनी निम्म्या गावाला तिसरीत शिकवलं होतं, लाईलसकट. निवृत्तीनंतरही दर बुधवारी त्या शाळेत जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवत. नवरा गेल्यापासून त्यांचा सगळा आठवडा त्या बुधवारावर उभा होता. पण ज्याच्यावर गांजाचा गुन्हा नोंदला जाईल त्याला शाळेत पाऊल टाकता येणार नाही, असा नियम होता. लाईलला तोही पाठ होता.

अगदी जिवावर आलं, तरी तो गेला. बाईंनी त्याला दारातच पाय पुसायला लावले, आत बसवलं आणि पुढ्यात कॉफी आणि दालचिनीचा गरम रोल ठेवला.

"यात ते काही नाही ना, बाई?"

"दालचिनी आहे. तिचा कितवा नंबर लावलाय तुम्ही?"

लाईलने रोल खाली ठेवला. "बाई, माझी बाकीची सगळी कामं झाली."

"सगळी?"

"हरीणसुद्धा."

बाईंच्या सगळं लक्षात आलं. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"सातचा पाढा तुला कधी आला नाही," त्या म्हणाल्या. "पण येत नाही म्हणून सोडून दिलास, असंही कधी झालं नाही. शाळा सुटली तरी बसून राहायचास. ही सवय मीच लावली रे तुला. आता मलाच निस्तरायला हवी."

लाईल काही बोलणार तेवढ्यात त्याचा वायरलेस खरखरला. महापौर ड्वेन केसलरचा ट्रक म्हणे आगीच्या बंबाच्या लाल नळासमोर उभा होता, आणि तिथे गाडी लावायला बंदी होती. लाईल इतक्या उत्साहाने उठला की कॉफी सांडली.

केसलरची खानावळ होती आणि तो खरोखरच अंडी उतरवायला थांबला होता. पावती फाडता फाडता लाईलच्या तोंडून बाईंची हकिगत निघून गेली. केसलरच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"अरे लेका, शेवटचा नंबर म्हणजे करायचंच नाही!"

"मग तसं लिहायचं होतं."

ठराव केसलरनेच बियर पिता पिता लिहिला होता. डोकं खाजवत त्याने विचारलं, "आणि समज, तुझी बाकीची कामं संपलीच नाहीत तर?"

"तर मग प्रश्नच मिटला," लाईल म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून टॅमरॅक बिघडलं. लाईलची गाडी बाईंच्या गल्लीकडे वळली रे वळली की गावात कुठेतरी गुन्हा होई. चर्चचे पाद्री मोटारीत बसून नुसता भोंगा वाजवू लागले. वाचनालयाच्या बाईंनी भर अंगणात पाला पेटवला. आयुष्यात कधी सिग्नल न मोडलेल्या नायगार्ड भगिनी रस्ता नको तिथे ओलांडू लागल्या, आणि लाईल पोचेपर्यंत पाय दुखतात म्हणून घडीच्या खुर्च्या घेऊन रस्त्यातच बसू लागल्या. बँकेतल्या कारकुनाने कुत्र्याचा पट्टा सोडला, पण कुत्रा सज्जन होता, मालकाच्या पायाशीच बसून राहिला. शेवटी कारकुनाने त्याला ढकलत ढकलत चौकात नेलं.

लाईलच्या नाकी नऊ आले आणि त्याला झोपही छान लागू लागली. हे सगळं त्याच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण गुन्हा कोणत्या हेतूने केला हे ठरवणं न्यायाधीशाचं काम, पोलिसाने फक्त पावती फाडायची, असं त्याचं मत होतं. बुधवारी शाळेवरून जाताना त्याने गाडी जरा सावकाश घेतली. आतून बाईंचा आवाज येत होता आणि मुलं हसत होती.

गावाची एवढी एकी सहसा होत नाही, आणि झाली तर ती वरच्यांच्या डोळ्यांत येते. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफच्या कचेरीत कोणीतरी महिन्याचे आकडे पाहिले. डोंगरातलं हे गरीब गाय गाव अचानक हाताबाहेर चाललेलं दिसत होतं आणि तिथे बिचारा एकच पोलीस. शेरीफने मदत धाडली. मदतीचं नाव होतं ग्वेन स्ट्राउड. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या ग्वेनबाई एक गोष्ट दोनदा सांगत नसत, आणि येताना त्यांनी गाड्या उचलून नेणारा ट्रक आणला होता.

पहिल्याच दिवशी केसलरचा ट्रक अंड्यांसकट उचलला गेला. नायगार्ड भगिनींच्या खुर्च्या जप्त झाल्या. कुत्र्यालाही काउंटीच्या पिंजऱ्याची हवा खावी लागली. त्या संध्याकाळी खानावळीत सभा भरली, पण कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. बाईंसाठी जीव देऊ हो, पाद्री म्हणाले, पण गाडी? केसलरने सकाळी अंड्यांशिवाय नाश्ता दिला होता आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यानेही मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी गाव सुतासारखं सरळ झालं. ग्वेनबाईंनी लाईलचा हात जोरजोरात हलवला, "घ्या, आता तुमचं राहिलेलं काम निवांत करा," म्हणाल्या आणि ट्रक घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लाईलने टेबल पुसलं, पेन्सिलींना टोकं केली, फोन चालू आहे ना ते उचलून पाहिलं. कोणी भोंगा वाजवला नाही. हरीणसुद्धा रानातच राहिलं. दुपारी त्याने एक सुस्कारा सोडला आणि गाडीत बसला. वाटेत केसलर खानावळीच्या दारात उभा दिसला. त्याने हात केला नाही, नुसतं पाहिलं.

बाईंनी दार उघडलं. बरणी टेबलावर काढून ठेवलेली होती.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या. "बुधवारचं पुस्तक मी सकाळीच शाळेत परत देऊन आले. अर्धं वाचून झालं होतं. मुलांना शेवट कोणीतरी सांगेल."

 त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लाईलला वाटलं. पुरावा ठेवायची पिशवी गाडीत राहिली, असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला.

बाहेर आला आणि थबकला. त्याची पोलिसी गाडी बंबाच्या लाल नळाला चिकटून उभी होती. तोंड उलट्या दिशेला, दोन चाकं फुटपाथवर. सगळ्या नोकरीत लाईलने गाडी अशी कधी लावली नव्हती. आज चुकून तसं झालं की मुद्दाम, हे त्याने पुढेही कोणाला सांगितलं नाही.  मग त्याने खिशातून पावतीपुस्तक काढलं, गाडीला एक चक्कर मारली, सावकाश, बाईंनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात पावती लिहिली आणि काचेवर अडकवली. मग स्वतःच ती काढून वाचली आणि आत आला.

"पिशवी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुमच्या दारात गुन्हा घडलाय. आधी तो बघावा लागेल."

"कोणी केला?"

"मी."

बाई खिडकीशी गेल्या. बाहेर पाहिलं, मग वळून त्याच्याकडे पाहिलं.

"यात काय आहे? दंड भरशील आणि मोकळा होशील. मग आहेच मी."

"भरणार नाही. मला गुन्हा कबूल नाही. कोर्टात जाणार."

"साक्षीदार कोण?"

"मीच."

"आणि काय सांगशील तिथे?"

"तीच तर पंचाईत आहे," लाईल म्हणाला. "मला आत्ताच नीटसं आठवेनासं झालंय. विचार करायला मुदत मागावी लागेल. एकदा, दोनदा. आणि हे प्रकरण निकालात निघाल्याशिवाय मला पुढच्या नंबराला हात लावता येत नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि ते त्याला दिसू नये म्हणून चष्माही पुसला. मग उठून बरणी पिठाच्या डब्याशेजारी ठेवली आणि शाळेत फोन केला. ते पुस्तक कोणाला देऊ नका, बुधवारी मी येतेय, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

परत आल्या तेव्हा लाईल टोपी काढून टेबलाशी बसला होता. त्यांनी त्याच्यापुढे दालचिनीचा रोल ठेवला, पण बशीवरचा हात काढला नाही.

"सात आठे किती रे?"

लाईलने छताकडे पाहिलं. ओठ हलवले. बोटंही मोजून पाहिली.

"त्याची तारीख पुढे पडलीय, बाई," तो म्हणाला आणि त्याने बशी हळूच आपल्याकडे ओढली.