उकंडरावांचा जीप धुण्याचा पंप

उकंडरावांनी जीप धुवायचं ठरवलं, एवढंच झालं होतं. आता जीप धुणं ही काही ठरवण्यासारखी गोष्ट नाही. बादली घ्यावी, फडकं घ्यावं आणि धुवावी. पण उकंडराव हे मोताळ्याकडचे साठ एकरांचे धनी, मुलांच्या शाळेसाठी बुलढाण्यात घर करून राहिलेले, आणि आयुष्यात कुठलीच गोष्ट त्यांनी ठरवल्याशिवाय केली नव्हती. (नऊ मुलं सोडून. पण ते पुढं येईलच.)

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची. जीप सरकारी लिलावातली, अकोल्याच्या एका दलालाकडून घेतलेली. दलालानं तिला हिरवा रंग असा जाड फासला होता की ती कालच कारखान्यातून निघाली असं वाटावं, निदान लांबून. आधी ती कुठल्या खात्यात होती हे उकंडरावांनी विचारलं नाही, आणि दलालही आपण होऊन सांगणाऱ्यातला नव्हता. दोन वर्षांत तिच्यावर धुळीचा एवढा थर चढला की हिरवा रंग कुठं संपतो आणि बुलढाणा जिल्हा कुठं सुरू होतो ते कळेना.

धुण्याचं निमित्त थोरल्या शालूचं. तिला पाहायला मूर्तिजापूरहून भगवंतराव येणार होते. भगवंतराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यांचा मुलगा ओव्हरसियर. मास्तरांना खोट्याची भारी चीड. एका घरी मुलीकडच्यांनी शेजाऱ्यांचा सोफा मागून आणला होता, ते कळताच मास्तर पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले होते म्हणे.

आणि इथंच घोळ होता. शालूची दोन स्थळं आधी मोडली होती, आणि दोन्ही वेळा लोकांनी मुलगी पाहण्याआधी घरातली डोकी मोजली होती. पाठीवर इतक्या बहिणी, म्हणजे मानपान काय करणार, असं म्हणून ते गेले. दुसऱ्यांदा नकार आला त्या दिवशी शालू परसात जाऊन बसली. तिनं पायलीभर गहू निवडले, आणि निवडलेले पुन्हा निवडले. उकंडरावांना ते बघवलं नाही. म्हणून त्यांनी मध्यस्थ माणिकरावांना पत्रात लिहायला लावलं, ‘पोटी तीन अपत्ये.’ उरलेली सहा पाहुणे जाईपर्यंत शेजारच्या घरी ठेवायची, असा बेत ठरला.

‘‘मोठा हेडमास्तर माणूस,’’ त्यांच्या पत्नी पुष्पाबाई म्हणाल्या, ‘‘त्याले तीन आन् नऊ समजणार नाही काय? ’’

‘‘समजायले दिसले तं पाह्यजे नं! ’’ उकंडराव म्हणाले, आणि पंप घ्यायला निघाले.

कारण बादलीनं धुतलेली जीप मास्तरांपुढं न्यायची नाही, पाण्याचा मारा देऊन धुवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वामनरावांच्या शेतीसामानाच्या दुकानात फवारणीचे तीन पंप मांडून ठेवले होते. एक हातात धरायचा, एक पाठीवर घ्यायचा, आणि एक पायानं दाबायचा. उकंडरावांना आयुष्यात एकच वस्तू निवडता येत होती, ती म्हणजे बैल. त्यामुळे ते सगळंच बैलासारखं निवडत. हातातला पंप त्यांनी उचलून पाहिला आणि ‘‘हे तं गोऱ्हं हाय’’ म्हणून खाली ठेवला. पाठीवरच्याच्या टाकीवर थाप मारून त्याला बसकं म्हणून बाद केलं. पायपंपाभोवती मात्र दोन फेऱ्या मारल्या, नळीच्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि बैलबाजारात सौदा करतात तसा खांद्यावरचा रुमाल वामनरावांच्या हातावर टाकून भाव ठरवायला खालून त्यांची बोटं धरली.

‘‘भाऊ,’’ वामनराव बोटं सोडवून घेत म्हणाले, ‘‘किंमत त्याच्यावर लिवेल हाय.’’

‘‘असू द्या. चालवून दाखवा.’’

वामनरावांच्या माणसानं पंप दाबला. पाण्याची धार दुकानाच्या पाटीवरून पलीकडच्या फुटपाथवर गेली आणि कोर्टात निघालेल्या एका वकिलाच्या काळ्या कोटावर पडली. वकीलसाहेब कायद्याच्या भाषेत बोलू लागले. उकंडराव त्यांच्याकडं बघतही नव्हते. कोटावरची धूळ एका दणक्यात गेली होती, हे त्यांनी पाहिलं.

‘‘हाच! ’’ ते म्हणाले. ‘‘मस्तीचा हाय.’’

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी धुणं सुरू झालं. सालदार निवृत्ती पंपाच्या पायटीवर उभा, आणि नळीची दांडी खुद्द मालकांच्या हातात. दलालाच्या रंगावर उकंडरावांचा फारसा भरवसा नव्हता. त्यांनी धार लांबून धरली आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी हळूहळू फिरवली. पुढची बाजू झाली, दोन्ही कुशी झाल्या. मग गाडीची वेळ आठवली. मलकापूरच्या स्टेशनावर पोचायचं तर राजूरचा घाट उतरून तास-दीड तास सहज जायचा.

‘‘मागचं दार तू धू बे,’’ ते निवृत्तीला म्हणाले. ‘‘मी आंघोळ करून येतो.’’

आता पायपंपाला माणसं दोन लागतात, एक दाबायला आणि एक दांडी धरायला. निवृत्ती एकटा. पण तो डोक्याचा माणूस. त्यानं अंगणातली खाट आडवी केली, दांडी तिच्या पायाला सुतळीनं बांधली, तोंड जीपच्या मागच्या दाराकडं केलं, आणि पायटीवर चढून पाठमोरा दाबू लागला. पाठमोरा अशासाठी की तोंडावर तुषार येत होते. चांगली पंधरा मिनिटं धार एकाच जागी बसली.

वळून पाहतो तो दाराचा हिरवा रंग पापुद्र्यासारखा लोंबत होता आणि खालून लालभडक रंग डोकावत होता. निवृत्तीला अक्षरओळख नव्हती, पण रंगाची पारख होती. हिरव्यापेक्षा लाल केव्हाही झकास, असं त्याचं मत पडलं. त्यानं मन लावून खाट सरकवत सरकवत सगळं दार सोलून काढलं, वर नारळाच्या काथ्यानं घासलं. पांढऱ्या पट्टीवर मोठा लाल त्रिकोण निघाला, आणि खाली हातभर लांब ओळ: ‘दोन किंवा तीन मुले पुरेत.’

उकंडराव आंघोळ करून, कोट घालून, घाईनं पुढून जीपमध्ये बसले. फाटकातून बाहेर पडताना पुष्पाबाई ओसरीवरून दोन्ही हात वर करून ओरडताना त्यांना आरशात दिसल्या. बायको इतक्या प्रेमानं निरोप देते याचं त्यांना जरा नवल वाटलं. त्यांनीही हात हलवला.

त्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. चहासाठी त्यांनी जीप बाजाराच्या तोंडाशी उभी केली. एरवी इथं गर्दीतून वाट काढताना नाकी नऊ यायचे. आज जीपच्या मागं मैदान मोकळं झालं. मिरच्यांच्या ढिगामागून एक गडी उठला आणि ढीग तसाच टाकून पळाला. गूळवाल्यानं शेजारच्या दोघांना ‘‘उठा बे, कॅम्पवाले आले! ’’ म्हणून हलवलं. हॉटेलातली बाकं भराभर रिकामी झाली. (त्या काळी कुटुंबनियोजनाची गाडी दिसली की ऑपरेशनसाठी धरून नेतात, अशी बाजारात बोलवा होती.) धुतलेल्या गाडीचा असा वचक असतो हे उकंडरावांना माहीत नव्हतं. ते खूश झाले.

एका म्हाताऱ्याला मात्र पळवेना. तो हात जोडून म्हणाला, ‘‘साहेब, माह्यं तं आता वय झालं जी.’’

‘‘वयाचं काय घेऊन बसले, बाबा! ’’ उकंडरावांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. ‘‘मन जवान पाह्यजे! ’’

म्हातारा पळाला.

मलकापूरला पॅसेंजर वेळेवर आली. भगवंतराव उतरले, मागून त्यांची विधवा बहीण कौशल्याबाई. हमाल सामान घेऊन जीपच्या मागं गेला, मास्तर त्याच्या मागं. ते चष्मा सावरून काही वेळ तिथंच उभे राहिले. उकंडराव तोवर पुढचं दार उघडून अदबीनं थांबले होते. मास्तर परत आले ते एकदम निराळ्या नजरेनं बघत.

घाट चढताना त्यांनी विचारलं, ‘‘हे काम किती वर्षांपासून करता? ’’

जीप चालवण्याबद्दलच असणार. ‘‘दोन वर्सं झाली जी. पहिले बैलगाडीच होती.’’

‘‘वा! बैलगाडीतूनसुद्धा? गावोगाव फिरत असाल.’’

‘‘फिरावंच लागते.’’

‘‘लोक विरोध करत नाहीत? ’’

‘‘आज तं रस्ता सोडून देत होते, जी! ’’

‘‘छान,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आणि स्वतःच्या घरापासून सुरुवात. तीनच.’’

‘‘तीनच,’’ उकंडराव म्हणाले, आणि त्यांचा गिअर नेमका तिथंच अडकला.

घरी पोचल्यावर त्यांनी जीप फाटकाशी उभी केली. तिचं मागचं दार शेजारच्या ओसरीसमोर आलं, जिथं सहाजणं बसवून ठेवली होती. ओरडायचं नाही, पळायचं नाही, घरी यायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. वाचायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं.

बैठकीत पोहे आले. मास्तरांनी पहिला घास तोंडाशी नेला, आणि बाहेरून शाळेतल्या तालावर सहा आवाज उठले: ‘‘दोन! किंवा! तीन! मुले! पुरेत! ’’ एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या वेळी सगळ्यात धाकटं ताकीद विसरून धावत आत आलं आणि उकंडरावांच्या मांडीवर चढलं.

‘‘बाबा, बाबा! आपल्या गाडीवर अभ्यास लिवला हाय! ’’

मागोमाग उरलेली पाच दारात आली. उकंडराव उठले, बाहेर गेले, आणि त्यांनी ते दार आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. परत आले तेव्हा सकाळी धुतलेल्या जीपपेक्षा ते घामानं जास्त ओले होते.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. ‘‘किती? ’’

‘‘नऊ,’’ उकंडराव म्हणाले.

‘‘माणिकरावांच्या पत्रात तीन आहेत.’’

‘‘मीच लिवायले लावलं जी. माणिकरावाची काही चूक नाही.’’ त्यांनी हात जोडले. ‘‘पोरगी गुणाची हाय. पण लोक येतात, डोकी मोजतात आन् चालले जातात. तिले कोणी पाहातच नाही. तुम्ही जा म्हणाल तं स्टेशनावर सोडून देतो. पण जाच्या आधी तिले एक डाव पाहून तं घ्या.’’

मास्तर उठलेच होते. तेवढ्यात आतून शालू आली. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं नाही की वडिलांकडं पाहिलं नाही. दारातल्या गर्दीला फक्त म्हणाली, ‘‘वळीत.’’ सहाच्या सहा उंचीप्रमाणे ओळीत उभी राहिली. तिनं पदरानं दोन नाकं पुसली, धाकट्याला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं कौशल्याबाईंच्या बशीत पोहे वाढले आणि विचारलं, ‘‘आत्याबाई, तिखट तं नाही झाले? ’’

‘‘दादा,’’ कौशल्याबाई म्हणाल्या, ‘‘तुमच्या शाळेत पंचवीस वर्सं पोरं अशी वळीत उभी राह्यली काय कधी? ’’

मास्तर बाहेर जीपच्या मागं गेले, ओळ पुन्हा वाचली, आणि घरातल्यांना तिथून त्यांचं हसणं ऐकू आलं. आधी बारीक, मग फाटकाच्या खांबाला धरून.

‘‘उकंडराव,’’ आत येऊन डोळे पुसत ते म्हणाले, ‘‘तीन मुलांच्या बापानं हे लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, याला काय कळतं. नवांचा बाप सांगतो आहे, म्हणजे ते अनुभवाचं आहे! पत्रात खोटं लिहिलंत ते मला आवडलं नाही. पण ज्यानं आपलं खरं असं गाडीवर लिहून पंचेचाळीस किलोमीटर मिरवलं, त्याच्यावर रागवायचं तरी किती? मुलगी आम्हाला पसंत आहे.’’

पुष्पाबाईंनी साखर आणली. शालू आत जाऊन रडली, आणि यावेळी गहू निवडले नाहीत. पाहुणे संध्याकाळी परत निघाले. जीपनं सोडतो असं उकंडरावांनी खूप सांगितलं, पण कौशल्याबाई हात जोडून म्हणाल्या की एस.टी.च बरी.

मग फाटकाशी दोघं आणि पुष्पाबाईंच्या कडेवरचं धाकटं, एवढीच उरली. उकंडराव मागच्या दारापुढं उभे होते.

‘‘अवं, तुले सकाळीच दिसलं होतं तं सांगितलं काऊन नाही? ’’

‘‘वरडून राह्यली होती नं! तुम्ही हात हालवून चालले गेले.’’

‘‘जाऊ दे. सोयरीक तं झाली! पंप घेतला ते ब्येसच झालं, काय? ’’

पुष्पाबाईंनी कडेवरच्या धाकट्याला दुसऱ्या बाजूला घेतलं, त्या ओळीकडं एकदा पाहिलं, आणि घराकडं वळता वळता म्हणाल्या, ‘‘ब्येस तं झालंच. पण पंधरा वर्सं आधी धुतली असती तं लय ब्येस झालं असतं.’’