पंप बोलना का?

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं असतं. कुणी गेलेलं नसतं, राष्ट्रगीतही लागलेलं नसतं. प्रल्हादनाना मोटरसायकलला किल्ली लावत असतात, एवढंच.

नाना आधी गाडी ओट्याखाली घेतात, रुमालाने आरसा पुसतात आणि उजवा हात उंच करून गरजतात, "बठ्ठाजन चूप ऱ्हावा!" बठ्ठाजन म्हणजे सगळे. त्यात भाजीवाला आला, कचरागाडीवरचं गाणं आलं, समोरच्या घरातला मिक्सर आला. एकदा कुणाकडे तरी आलेला पाहुणा रस्त्यात उभा राहून फोनवर आपल्या साहेबाशी बोलत होता. नानांनी हातवारे करून त्यालाही फोन ठेवायला लावला. मग ते किल्ली फिरवतात. टाकीतून "झूंऽऽ" असा बारीक आवाज येतो आणि थांबतो. नाना मान वळवून जो कुणी जवळ असेल त्याला विचारतात, "बोलना का?"

म्हणजे, बोलला का? आपण म्हणायचं, "बोलला, नाना." मग नाना बटण दाबतात, गाडी सुरू होते, मिक्सर सुरू होतो, भाजीवाला मेथीपासून पुन्हा सुरुवात करतो.

हा बोलणारा म्हणजे गाडीतला पेट्रोलचा पंप. नानांच्या जुन्या गाडीत पेट्रोल आपलं आपण उताराने इंजिनात जायचं. नव्या गाडीत टाकीच्या पोटात एक इवलासा विजेचा पंप असतो, तो ढकलेल तेव्हाच पेट्रोल पुढे सरकतं. गाडी घेतली तेव्हा मेकॅनिक सहज बोलून गेला होता, "नाना, किल्ली फिरवल्यावर झूं आलं की समजायचं, पंप जिवंत आहे." नानांनी ते गुरुमंत्रासारखं घेतलं. माझं म्हणाल तर मला पंपांचं काडीचं कौतुक नाही. माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर शेतकरी काउंटरवर येऊन पंपाचीच रड रडतात. घरी आल्यावर पुन्हा पंप नको असतो, पण माझं घर नानांच्या घराला लागून आहे, त्याला इलाज नाही.

पंपाचे लाड मात्र बघण्यासारखे. पेट्रोल कमी असलं की पंप तापतो, असं कुणीतरी सांगितल्यापासून नानांनी टाकी अर्ध्याखाली येऊ दिलेली नाही. पेट्रोल भरणारी मुलं त्यांना लांबूनच ओळखतात. "नाना, जागाच नाही टाकीत," ती सांगतात. "गाडी जरा हालव ना भो, बसतं," नाना म्हणतात. पोतं हलवून गहू बसवावा तसं ते पेट्रोल बसवतात.

नानांचं सगळं आयुष्य जिनात गेलं. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. नाना तिथे फिटर होते आणि त्यांचा सगळा डौल कानावर होता. "बठ्ठा रोलर एकदम फिरेत, अन् कोणता रोलर रडी ऱ्हायना ते मी दारमा उभा ऱ्हाईसन सांगू!" ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की कुठला रोलर रडत होता हे आता मीही सांगेन. जिनात काम केलेला माणूस हळू बोलत नाही. नाना आपल्या घरात "चहा घेस का?" म्हणाले, की पलीकडच्या घरातला माणूस "आत्ताच झाला" म्हणतो.

आणखी एक. नानांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "बठ्ठं ठीक शे." नाना, नळाला पाणी आलं का? बठ्ठं ठीक शे. नाना, मुलगा कधी येतोय पुण्याहून? बठ्ठं ठीक शे. एकदा कोपऱ्यावरच्या आजोबांना दवाखान्यात नेलं, त्यांची सून रडवेली होऊन सांगायला आली, तर नाना हसून म्हणाले, "बठ्ठं ठीक शे!" त्या बाईने पुढे कित्येक दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही. फोन तर ते घेतच नाहीत. "फोन म्हणजे थापा माराचं यंत्र. बोलायचं त्याने समोर यावं." आम्ही सगळे म्हणायचो, माईंच्या मागे नाना फार विक्षिप्त झाले. माई म्हणजे त्यांची बायको. ती गेल्याला आता काही वर्षं झाली.

तर मागच्या उन्हाळ्यात नानांच्या भाचीचं लग्न निघालं, धुळ्याला. शोभाताई ही नानांची धाकटी बहीण, तिची ही एकुलती एक पोर. आमच्याकडे मामाने आणलेली पिवळी साडी नेसूनच नवरी बोहल्यावर येते, आणि मामाच तिला घेऊन येतो. साडी नानांनी जळगावातच घेतली. पण पिको-फॉल करायला माईंच्या साड्या जी बाई करायची तिच्याकडेच टाकायची, हा हट्ट. त्या बाईकडे लग्नसराईची ही गर्दी! साडी मिळाली ती लग्नाच्या दिवशी सकाळी. नानांचे बाकीचे नातेवाईक आदल्या दिवशीच हळदीला गेलेले.

"एस.टी.ने जाऊ," मी म्हणालो. "बठ्ठं ठीक शे," नाना म्हणाले आणि गाडी ओट्याखाली घेतली. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं, "जा हो त्यांच्याबरोबर, एकट्याने एवढ्या लांब नको." मी इस्त्रीचा शर्ट घालून, साडीची पिशवी पोटाशी धरून मागे बसलो. हात वर झाला, गल्ली गप्प झाली, किल्ली फिरली. "बोलना का?" "बोलला, बोलला," मी म्हणालो. माझं लक्ष शर्टाला डाग लागतो की काय इकडे होतं.

एरंडोल मागे पडलं आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडीला उचक्या लागल्या. दोन-चार आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला शांत झाली. डोक्यावर ऊन रणरणत होतं, एका बाजूला उघडी शेतं, दुसऱ्या बाजूला एक निंब.

नाना अजिबात घाबरले नाहीत. उलट खुललेच. त्यांनी बाह्या सरसावल्या, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. ते काठोकाठ होतं, असणारच. मग हात वर केला. गप्प करायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. किल्ली फिरवली. "बोलना का?"

"बोलला, नाना."

बटण दाबलं. इंजिन नुसतं कण्हलं. "म्हणजे पंप ठीक शे," नाना म्हणाले. "दुसरं काहीतरी शे." त्यांनी प्लग काढला, फुंकला, धोतराच्या सोग्याने पुसला, बसवला. पुन्हा किल्ली, पुन्हा "बोलना का?", पुन्हा मी "बोलला." वायरी हलवून झाल्या, फ्यूज काढून उन्हात धरून पाहून झाला. इकडे शोभाताईंचा मला फोन. "शरददादा, कुठं आहात? पोरगी साडीवाचून बसून राहिली आहे. भटजी सारखं घड्याळ दाखवताहेत. मामाशिवाय मी तिला बाहेर काढणार नाही, सांगून ठेवते!" मागून सनईपेक्षा भटजींचाच आवाज मोठा येत होता.

आता मात्र माझं डोकं फिरलं. नानांनी पुन्हा किल्ली धरली तसा मी रागारागाने कान टाकीलाच लावला. टाकी अशी तापलेली की कान भाजला. पण ऐकलं. पहिल्यांदाच नीट ऐकलं.

काही नव्हतं. झूं नाही, चूं नाही.

"नाना," मी म्हणालो, "नाही बोलत."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मान हलवून पुन्हा सांगितलं.

"मघाशी बोलना ना?"

"मघाशी... मी आपलं म्हणालो."

"अन् सकाळी?"

 खरं तर दोन-तीन आठवडे पंपाचा आवाज घोगरा येत असणार. मिक्सरवाल्या वहिनींनी "बोलला" म्हटलं असणार, भाजीवाल्याने मेथी निवडता निवडता "बोलला" म्हटलं असणार. मीही त्यातलाच. नाना विचारतात आणि आपण हो म्हणतो, हे आमच्याकडे देवाला नमस्कार करण्यासारखं झालं होतं. हात जोडले जातात, देवाकडे कोण बघतो!

नाना निंबाखाली जाऊन बसले. रागावले नाहीत, हे जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "मले वाटनं तू आयकस."

"अहो, पण तुम्हीच ऐकत होतात ना? एवढी गल्ली गप्प करून?"

"मी?" नाना हसले. "मले कुठे काय येतं ऐकू. एक कान जिनातच राहिला. दुसरा हळूहळू गेला. माई होती तोवर ती ओट्यावर उभी राही. मी किल्ली फिरवू, तिच्या तोंडाकडे बघू. ती सांगे, मग निघू." मग म्हणाले, "पुण्याला सांगू नको. कळलं तर पोऱ्या गाडी विकेल अन् मले तिकडे घेऊन जाईल. चांगला शे तो. पण तिकडे मी काय करू?"

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. नळाचं पाणी, दवाखान्यातले आजोबा, फोन. बठ्ठं ठीक शे! ज्याच्या कानाची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ, त्याला ऐकू येत नाही हे आम्हा भल्याभल्यांना कळलं नव्हतं. मला एकाच वेळी हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

पण लाजायला वेळ नव्हता. समोरून नव्हे, देव पावला, मागूनच एक टेम्पो आला. दुसऱ्या कुठल्या तरी वरातीला निघालेला, डीजेचे भोंगे रचलेला. मी रस्त्यात आडवाच झालो. "मामा शे नवरीचा!" एवढं सांगितलं आणि पोरं उड्या मारून उतरली. मामा अडकला म्हटल्यावर खान्देशात कुणी कारण विचारत नाही. त्यांनी गाडी उचलून दोन भोंग्यांच्या मधे उभी करून बांधली. पुढे जागा एकाचीच होती, तिथे साडी ठेवली. आम्ही मागे.

पारोळा ओलांडल्यावर पोरांनी वाजतंय का बघायला म्हणून डीजे लावला. माझ्या बरगड्या खुळखुळू लागल्या, मी दोन्ही कानांत बोटं घातली. नाना भोंग्याला पाठ टेकवून बसले होते, मांडीवर ताल धरून. मला ओरडून म्हणाले, "काय मस्त वाजी ऱ्हायनं! पाठमा कळस!" पाठीत कळतंय म्हणे. इतकं खूश मी त्यांना माई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

मंगल कार्यालयासमोर टेम्पो थांबला तेव्हा लोकांना वाटलं, दुसऱ्याच कुणाची वरात चुकून इकडे आली. तेवढ्यात भोंग्यांमधून नाना उभे राहिले. बायकांमधून एकच गलका झाला, "मामा उना! मामा उना!" शोभाताई धावत आल्या. आधी त्यांनी साडी हिसकून घेतली आणि आत पळाल्या. भटजी म्हणाले, "चला, चला, अजून मुहूर्त आहे." आवाज मात्र मुहूर्त त्यांनीच धरून ठेवल्यासारखा होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. पिवळ्या साडीतल्या भाचीच्या मागे नाना उभे, मुठीत अक्षता. मी त्यांच्या मागे. पहिलं "सावधान" झालं, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, नानांची मूठ मिटलेलीच. ते आजूबाजूला बघत होते, कुणाचा हात हलतो म्हणून. आणि भाचीचा पुण्याहून आलेला मामेभाऊ, म्हणजे नानांचा मुलगा, समोरून बापाकडे बघत होता. दुसऱ्या वेळी "सावधान" म्हणताच मी मागून नानांच्या पाठीवर बोट टेकवलं. अक्षता पडल्या. मग प्रत्येक वेळी. पाचव्या-सहाव्याला नानांनी मागे न बघताच मान हलवली, ठीक शे म्हणून.

जेवताना मुलाने मला विचारलंच, "काका, नानांना हल्ली कमी ऐकू येतं का?" मी म्हणालो, "येतं तेवढं पुरतं. पण बाबा, हायवेला आता गाडी मी चालवणार आणि ते मागे बसणार, हे त्यांच्याशी बोलून ठरवतो." त्याने ताटातलं वरण भातात कालवलं. मग म्हणाला, "चालेल." पोरगा खरंच चांगला आहे.

नवा पंप बसवून गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना बाजारापर्यंत जायचं होतं. त्यांनी गाडी ओट्याखाली घेतली, आरसा पुसला, पण हात काही वर केला नाही. भाजीवाला ओरडत होता, मिक्सर चालू होता. त्यांनी नुसतं माझ्या दाराकडे पाहिलं. मी दात घासत होतो, तसाच खाली उतरलो आणि कान टाकीला लावला. नानांनी किल्ली फिरवली.

"बोलना का?"

आलं होतं. स्वच्छ, बारीक झूं. मी त्यांच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणालो, "बोलला, नाना. सावकाश जा, अन् लवकर या."

नानांचं बोट बटणावर गेलं होतं, ते तिथेच राहिलं.

"तीबी आसंच सांगे," ते म्हणाले. जिनातला हा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.