धुकेवासी आचार्यांची उत्पत्ति

श्रीशारदेचे पायी शाईचा पहिला ठिपका वाहून, शाईशके सातशे एक, कार्तिक वद्य पंचमीपासोन घडले ते लिहितो. पदरचा मीठमसाला थोडकाच. उत्तरेस डोंगर-धुक्याचे एक राज्य होते, आणि तेथील दरबारी चितारी शेन युलिन शाईने डोंगर काढण्यात मोठे वाकबगार. परंतु रिवाज ऐसा की, कोपऱ्यात "अमुक थोर आचार्यांचे वळणावर" ऐसे लिहिल्यावाचून चित्र हुजूरचे महाली टांगू नये. युलिनांचे मनी एकच होते की, मरण्यापूर्वी एक तरी डोंगर आपले नावे टांगला जावा. म्हणोन त्यांणी घरामागील डोंगर काढिला, आणि मधला कागद कोरा सोडून धुके दाखविले, आणि घेऊन गेले. चित्रशाळेचे दारोगा बोलिले, "चित्र झकास, पण वळण कोणाचे?" युलिन बोलिले, "माझेच." दारोगा बोलिले, "तुमचे कसे? तुम्ही तर अजून जिवंत आहां." आणि चित्र परत दिधले.

मग युलिनांस बहुत वाईट वाटले, अन्न गोड लागेना, आणि मग डोके लढवून त्यांणी कोपऱ्यात लिहिले, "धुकेवासी आचार्यांचे वळणावर." ऐसे आचार्य कोणी जालेच नव्हते. परंतु 'ठाऊक नाही' म्हणणे पंडितांचे जिवावर आले, सर्वांनी माना डोलविल्या, आणि एक पंडित तर म्हणाले, "आमचे आजोबांकडे त्यांचे हातचा पंखा होता." झाले! चित्र टांगले, हुजूरची मर्जी खुष जाली, आणि आज्ञा जाली की अवघ्या चिताऱ्यांनी धुकेवासींचे वळण गिरवावे. आणि पाठशाळा निघाल्या, आणि शिष्यांत दोन तट पडोन भांडणेही जाली. युलिनांस हसावे की रडावे कळेना.

मग म्हातारपणी हुजुरांनी त्यांस "हवे ते मागा" ऐसे फर्माविले, तेव्हां युलिन हात जोडून बोलिले, "एक चित्र माझे नावाने टांगावे." हुजूर उदार, रुकार दिधला. युलिनांनी जीव ओतून डोंगर काढिला, कोपऱ्यात आपले नाव लिहिले, आणि डोळां पाणी आले. अवघा दरबार चित्रापुढे उभा राहिला, आणि बराच वेळ पाहून तेच पंख्याचे पंडित, आता वृद्ध जालेले, हळहळून बोलिले, "हात उत्तम आहे. पण धुकेवासींची छाप फार."

येणेप्रमाणे शेन युलिन हयातीत आपलेच नकलाकार ठरले. वाचणारांनी चित्राखालील नाव बोटाने झाकून एकवार डोंगर पाहावा, इतकेच मागणे.